सीनाकाठच्या बागा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा बहुतेक भगिनींनी पाककृती, जात्यावरच्या ओव्या, मुलांचे संगोपन असे आपल्या हातातले विषय घेतले. माझ्यापुढे मात्र पंचाईत पडली. मी सातवी शिकलेली बाई; किराणा मालाच्या यादीपलीकडे वर्षानुवर्षे हातात लेखणी धरलेली नाही. तेव्हा अध्यक्षबाईच म्हणाल्या, "तुम्ही पंधरा दिवस नगरला राहून आलात ना? तिथे काय पाहिलेत ते लिहा. आपल्याला ओढ्याकाठी बाग करायची आहेच. त्याला उपयोगी पडेल असे काही लिहा."

नगरला राहून आले ती काही हौसेने नव्हे. आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. मुलगी तेथे शिकायला आहे, तिच्या खोलीवर आम्ही दोघी राहिलो. ऑपरेशन नीट पार पडले. पण त्यानंतर धूर नको, ऊन नको, एस. टी.चा धक्का नको, म्हणून मुक्काम लांबला. दुपारी मुलगी मोकळी असली की ती आत्याबाईंना शेजारणीपाशी बसवी आणि मला काही ना काही दाखवायला नेई. संध्याकाळी आम्ही परत आलो की आत्याबाई डोळ्यांवरचा हिरवा चष्मा सावरून विचारीत, "आज काय पाह्यलं गं?" आणि मी सांगू लागले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "ते समदं खरं, पन पानी कुठून आनत व्हते?"

या प्रश्नानेच मला पुढचे सगळे शोधायला लावले. मुलीने वाचनालयातून जुन्या इंग्रजी गॅझेटियरचे पुस्तक पाहून मला त्यातला मजकूर मराठीत सांगितला, आणि पुढे मीही दोन-तीन मराठी पुस्तके अडखळत का होईना वाचली. त्यातून जे हाती लागले ते येथे देते. विद्वान मंडळींनी चुका पदरात घ्याव्यात.

नगर शहराची सुरुवातच मुळी एका बागेने झाली, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? मला तर नव्हते. बहमनी राज्य मोडकळीला आले होते, त्या वेळी जुन्नरला मलिक अहमद नावाचा सरदार होता. त्याचा बाप पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला आणि बहमनी दरबारात मोठ्या पदाला चढला. या अहमदने स्वतंत्र होण्याचे ठरवले तेव्हा बिदरहून त्याच्यावर मोठी फौज आली. 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ लढाई झाली आणि अहमदची फत्ते झाली. जेथे जय मिळाला तेथे त्याने वाडा बांधला व बाग लावली. तिचे नाव बाग निजाम. त्या लढाईलाही लोक पुढे बागेची लढाई म्हणू लागले. आज नगरचा जो भुईकोट किल्ला आहे, तो याच बागेच्या जागी. आधी बाग, मग तिच्याभोवती मातीचा कोट, आणि पुढे हुसेन निजामशहाने 1559 च्या सुमारास तो दगडी बांधायला घेतला.

बागेनंतर चार वर्षांनी, 1494 साली, शेजारीच सीना नदीच्या डाव्या काठावर शहर वसले आणि अहमदने त्याला आपले नाव दिले. दोन वर्षांत ते शहर बगदाद आणि कैरो यांच्या तोडीचे झाले, असे फेरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. फेरिश्ता निजामशाहीच्या चाकरीत होता, तेव्हा थोडे अधिक-उणे धरावे लागेल.

परंतु ही जागा का निवडली, ते वाचून मला बरे वाटले नाही. अहमदला दौलताबादचा किल्ला हवा होता. तो लढून मिळेना. तेव्हा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर मुक्काम ठेवायचा, आणि दर सुगीला फौज पाठवून दौलताबादच्या आसपासची उभी पिके नासायची, म्हणजे उपासमारीने किल्ला आपोआप हाती येईल, असा हा बेत. तो सफलही झाला. 1499 मध्ये दौलताबाद पडले. इकडे बागेत गुलाब फुलवायचे आणि तिकडे कुणब्याच्या हातातोंडाशी आलेली ज्वारी घोड्यांच्या पायी तुडवायची. मुलगी म्हणाली, "आई, त्या काळी युद्ध असेच असायचे." असेल. पण शेतात राबणाऱ्या बाईला ते वाचून गप्प बसवत नाही.

असो. निजामशाही जेमतेम दीडशे वर्षे टिकली, पण तेवढ्यात या लोकांनी नगरच्या भोवती बागांची माळ लावली. नदीच्या काठालाच बाग रोजा आहे, तेथे खुद्द अहमद निजामशहाची कबर आहे. दगडी घुमटाची देखणी इमारत, आणि आत भिंतींवर सोनेरी अक्षरांत कुराणातली वचने. बाहेरच्या बाजूस एक बांधकाम दाखवतात ते हत्तीचे स्मारक म्हणून. 1565 साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामराजाला ज्याने धरले तो गुलामअली हत्ती येथे पुरला आहे, असे सांगतात. राजाच्या शेजारी हत्तीला जागा मिळाली. ज्या माळ्यांनी ती बाग राखली त्यांची मात्र नावनिशाणी कोठे नाही. शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग, या नावाची बाग होती. तळ्याच्या मध्यभागी अष्टकोनी महाल. तेथे आता पडक्या भिंती आणि झुडपे.

सर्वांत मोठी ती फराहबाग, शहराच्या आग्नेयेस. फराह म्हणजे आनंद. मी पाहिली ती हीच, आणि अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मोठ्या चौकोनी तलावाच्या मधोमध उभा असलेला तो महाल. तलावात पाणी नाही, गवत माजलेले. गवतातून चालत जाऊन आम्ही महालात शिरलो. आत चुन्याच्या कमानी, उंच घुमट, आणि बाहेर उन्हाचा तडाखा असताना आत असा काही गारवा की पदराने वारा घ्यायची गरज पडली नाही. पाणी होते तेव्हा काय सुख असेल! वरच्या कोनाड्यांतून पारवे घुमत होते, आणि एक मुंगूस आम्हाला पाहून दगडांत शिरले. ताजमहाल बांधण्याची कल्पना येथूनच सुचली, असे एक गृहस्थ आम्हाला सांगत होते. खरे-खोटे देव जाणे; आपल्या गावची प्रत्येक गोष्ट ताजमहालाला नेऊन भिडवायची आपल्याला सवयच आहे.

ही बाग मुर्तजा निजामशहाच्या वेळची. आधी एका सरदाराने ती उठवली, पण शहाला ती पसंत पडेना. मग सलाबतखान या त्याच्या प्रधानाने ती नव्याने बांधून 1583 मध्ये पुरी केली. आपण ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतो, डोंगरावरचा तीनमजली, तो या सलाबतखानाचा मकबरा आहे. चांदबिबीशी त्याचा संबंध नाही. मुर्तजाला लोक दिवाणा म्हणत. राज्यकारभार सोडून तो वर्षानुवर्षे एकांतात राहिला. आनंद नावाची बाग बांधून घेणाऱ्या राजाला शेवटी पोटच्या मुलानेच 1588 साली हमामखान्यात कोंडून मारले.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळते. पाणी कोठून येई? सीना नदी बाजूला होती खरी, पण आपली सीना कशी आहे ते सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात दुथडी, आणि होळी झाली की पात्रात डबकी. तिच्या भरवशावर कोणी बाग लावणार नाही. नगरच्या भोवती जे डोंगर आहेत त्यांच्या पायथ्याशी या लोकांनी विहिरी खणल्या, आणि तेथून शहरापर्यंत जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ टाकले. एक खापरी नळ दुसऱ्याच्या तोंडात बसवायचा, भोवती चुना-दगडाचे बांधकाम करायचे, आणि उतार असा ठेवायचा की पाणी आपल्या वजनानेच वाहत यावे. ना मोट, ना मोटार. मध्ये मध्ये उंच दगडी मनोरे ठेवलेले असत, त्यांना उसासे म्हणतात. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे, आणि गाळ काढायलाही तेथून सोय असे. कापूरवाडी, शेंडी, शहापूर, भिंगार, नेप्ती अशा कितीतरी ठिकाणांहून असे नळ निघाले होते. कोणी सरदाराने आपल्या वाड्यासाठी आणला, कोणी बागेसाठी, कोणी मशिदीच्या हौदासाठी. आणि वाटेत लोकांनाही पाणी मिळे. इंग्रजांच्या काळापर्यंत नगर शहर या जुन्या नळांचेच पाणी पीत होते. आता शहराला मुळा धरणाचे पाणी येते.

मी हे आत्याबाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खापराचे नळ. म्हंजी फुटत असत्याल की. दुरुस्त कोन करायचं?"

हा प्रश्न पुस्तकात मला कोठे सापडला नाही. पण उत्तर डोळ्यांनी दिसते. 1600 साली मोगलांनी किल्ला घेतला, 1636 मध्ये निजामशाही बुडाली. तेथून पुढे मोगल, मग 1759 पासून पेशवे, मग शिंदे, आणि 12 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली याने किल्ला जिंकला. प्रत्येकाला किल्ला हवा होता. बागेसाठी नळ दुरुस्त करायला कोणाला वेळ असणार? शहराला पाणी लागे म्हणून शहराचे नळ राहिले, आणि बागांचे गेले. तोफेचा गोळा लागून फराहबाग वाळली नाही. कोठेतरी शेतात एक खापर फुटले, पाणी मुरत राहिले, आणि ते शोधायला कोणी गेले नाही. असे एकेक वर्ष झाले असेल.

चांदबिबीची हकीकत मात्र येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती या मंडळाला शोभणारी आहे. ती हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. विधवा होऊन ती माहेरी आली. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरला वेढा दिला तेव्हा माहेरच्या पुरुषांची आपसात भांडणे चालली होती. तिने किल्ल्याची जबाबदारी घेतली. शत्रूने सुरुंग लावून तट उडवला आणि मोठे खिंडार पडले, तेव्हा ती बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारावर येऊन उभी राहिली, आणि त्याच रात्री तट पुन्हा उभा करवून घेतला. तिला पाच भाषा येत, त्यात मराठीही होती, असे म्हणतात. चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला, आणि तिनेच शत्रूशी संधान बांधले असा खोटा गवगवा होऊन तिच्याच माणसांनी तिला मारले. किल्ला बाग निजामच्या जागी आहे हे वर सांगितलेच. तेव्हा ती लढली ती आपल्या पणजोबाच्या बागेतच म्हणायची.

याच किल्ल्यात पुन्हा एकदा बाग झाली, आणि ती कैद्यांनी केली. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाल्यावर पंडित नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, आपले शंकरराव देव अशा बारा पुढाऱ्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. ती खोल्यांची रांग आजही पाहायला मिळते. आम्ही दोघी पाहून आलो. नेहरूंनी 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ तेथेच लिहिला. त्या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी आपल्या बागकामाविषयी लिहिले आहे, हे मला मुलीने दाखवले. भर उन्हात ते तासन् तास फुलांसाठी वाफे खणीत. जमीन खडकाळ आणि जुन्या बांधकामाच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. चांदबिबीचीही आठवण त्यांनी तेथे केली आहे. एवढ्या मोठ्या घरचा माणूस कुदळ घेऊन नगरची मुरमाड जमीन खणतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. आपल्याकडची जमीन कशी असते, ते त्यांनाही कळले.

मौलाना आझादांनी तेथून पत्रे लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती. सुटल्यावर त्यांचे उर्दू पुस्तक झाले. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी करून कचरा मांडला. आधी त्यांनी त्यांना हुसकून लावण्याचा पुष्कळ खटाटोप केला, आणि हरल्यावर तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. तेव्हा त्या चिमण्या हळूहळू जवळ येत येत अगदी हातावर बसू लागल्या. हे त्यांनी मोठ्या गमतीने सांगितले आहे. पण त्याच पुस्तकात दुसरेही एक पत्र आहे. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास वारली. ती अत्यवस्थ असल्याच्या तारा येत होत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर करा, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी ज्या सरकारशी लढा चालला आहे त्याच्यापुढे विनंती करायचे नाकारले. किल्ल्याच्या आवारात कोणाची तरी एक जुनी कबर होती. बातमी आल्यापासून तिच्याकडे वारंवार नजर जाते, असे त्यांनी लिहिले आहे. मुलीने हे मला सांगितले तेव्हा त्या खोल्यांपुढच्या अंगणात आम्ही उभ्या होतो. झुलेखा बेगम शेवटी काय म्हणाल्या असतील, ते कोणी लिहून ठेवलेले मला सापडले नाही.

नगरहून निघालेली ही सीना खाली आपल्या मुलखात येते. निमगाव गांगर्ड्याला तिच्यावर धरण आहे, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुढे जामखेड तालुक्यात चौंडीवरून जाते. 31 मे 1725 रोजी अहिल्यादेवी तेथे जन्मल्या. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, विहिरी आणि बारवा खोदल्या. पाण्याची किंमत त्या सीनाकाठीच शिकल्या असतील, असे मला आपले वाटते. 2024 पासून जिल्ह्याला व शहराला अहिल्यानगर हे नाव लागले. तोंडात अजून नगर असेच येते, म्हणून या लेखातही तसेच लिहिले आहे. मौज अशी की, जुने नाव सीनाकाठचे आणि नवे नावही सीनाकाठचेच. शेवटी सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे ती भीमेला मिळते. तेथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा, मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरतात.

माझे माहेरही सीनाकाठी, थोडे खालच्या अंगाला. तेथली बाग कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. पाऊसपाणी ओसरले की नदीच्या कडेला मळई उघडी पडे. काळीभोर, लोण्यासारखी गाळाची जमीन. ज्या बायांना स्वतःचे रान नसे त्या तेथे वाफे पाडीत. माझी आई त्यांत एक. कोणाचे किती, हे कागदावर नव्हते. मागल्या वर्षी जिने जेथे लावले तेथेच ती यंदा लावी. वांगी, दोडका, कारली, घेवडा, आणि खाली वाळूत काकडी व खरबुजे. पाण्यासाठी वाळूत हातभर झिरा उकरायचा आणि तांब्याने कळशी भरायची. एखादी बाळंतपणाला अडली तर तिच्या वाफ्याला बाकीच्या दोन-दोन कळशा घालीत. त्याबद्दल बोलणे होत नसे. पहाटे आम्ही मुली राखणीला जाऊ. तेव्हा पाण्याकडेला टिटव्या, बगळे, धोबी पक्षी, आणि थंडीत कोठून तरी आलेली बदके. पलीकडच्या माळावरून काळवीट पाण्यावर येत. पुढे नदीतली वाळू उपसली जाऊ लागली. वाळू गेली तसे झिरे गेले. मळई पुरात खचली. मी शेवटची गेले होते तेव्हा तेथे बाभळी होत्या आणि एक ट्रॉली उलटून पडलेली होती.

काळविटांसाठी आपल्या तालुक्यात रेहेकुरीला 1980 साली अभयारण्य झाले. ते आहे सव्वादोन चौरस किलोमीटरपेक्षाही थोडे लहानच, पण त्यामुळे काळवीट टिकला. कोवळी ज्वारी तो खातो, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून फार मोठे अभयारण्य केले होते. आत्याबाईंनी लहानपणी माळढोक पाहिलेला आहे; मी पाहिलेला नाही, आणि माझी मुलगी आता पाहील असे वाटत नाही.

नदीकाठी नवीन बाग होतच नाही, असे मात्र नाही. माझे भाऊ मुंबईला असतात. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा वहिनींनी मला धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवले. मिठी नदीच्या काठी पूर्वी तेथे सगळ्या मुंबईचा कचरा टाकीत. 1977 मध्ये ते बंद झाले, त्यावर माती टाकून झाडे लावली, आणि 1994 मध्ये उद्यान लोकांना खुले केले. सदतीस एकर आहे. आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज येईनासा होतो. पक्षी आणि फुलपाखरे पुष्कळ. शेजारची नदी मात्र काळी. वहिनींनी नाकाला पदर लावला, मीही लावला. नगरमध्ये पुलावरून सीना पाहिली तेव्हाही शहराच्या सांडपाण्याने तीच गत झालेली दिसली.

आता आपल्या बागेविषयी. गावाबाहेरच्या ओढ्याकाठचा पडीक तुकडा मंडळाला वापरायला मिळावा, म्हणून आपण अर्ज दिलेला आहे. त्याचा नकाशाही एका भगिनीच्या भाच्याने फार सुरेख काढून दिला. त्यात सिमेंटच्या वाटा, बसायला बाके, मध्ये रंगीत दिव्यांचे कारंजे आणि फोटो काढायला एक कमान आहे. मागच्या बैठकीत माझे आणि काही भगिनींचे यावर थोडे वाजले, ते सर्वांना माहीत आहे. मी रागावून बोलले याची मला खंत वाटते. पण कारंज्याविषयीचे मत मी बदललेले नाही. उलट फराहबागेचा कोरडा तलाव पाहून आल्यापासून ते पक्के झाले आहे. बाके चार असू द्यावीत, म्हाताऱ्या माणसांना लागतात. बाकीच्या जागेत वाफे पाडावेत, आणि ज्या घरांना परसदार नाही त्यांना ते आधी द्यावेत. कडेने कडुलिंब, शेवगा, कढीपत्ता, करंज लावावा. ओढ्याच्या अंगाची झुडपे तोडू नयेत. तेथे होले घरटी करतात आणि मुंगूसही आहे. पक्ष्यांसाठी एक उथळ दगडी कुंडी ठेवली म्हणजे कारंज्याची हौसही थोडी भागेल.

पाण्याचा हिशेब मी आत्याबाईंना बरोबर घेऊन केला. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिलेली आहे आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले आहेत. पाण्याच्या बाबतीत त्यांना फसवता येत नाही. त्यांनी काठी टेकीत ती जागा पाहिली. ओढ्याला माघापर्यंत पाणी असते. पुढे शिमग्यापर्यंत जवळच्या विहिरीचे मिळेल, मालकीणबाईंनी तसे कबूल केले आहे. त्यानंतरचे दोन-अडीच महिने घरचे भांडी धुतलेले पाणी न्यावे लागेल. एका वाफ्याला दिवसाआड दोन कळशा धरल्या, तर वीस वाफ्यांना दिवसाला वीस कळशा झाल्या. पाचजणींनी मिळून एक दिवस घेतला, तर प्रत्येकीच्या वाट्याला चार खेपा येतात आणि तिची पाळी आठवड्यातून एकदाच लागते. अंतर मी पावलांनी मोजले आहे, मंडळाच्या खोलीपासून चारशे दहा पावले.

पाळ्यांसाठी मी एक वही घातली आहे. एका महिन्याला एक पान. श्रावण-भाद्रपदाची पाने नावांनी भरून गेली, तेव्हा पाऊसच पाणी घालतो. चैत्राच्या पानावर अकरा नावे आली आहेत. वैशाखाच्या पानावर अजून चारच आहेत, त्यांत एक आत्याबाईंचे. त्यांनी ते माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतले, आणि कळशी उचलायला मात्र नातवाला पाठवीन म्हणाल्या. वही खोलीत दाराच्या मागच्या खिळ्याला अडकवलेली असते. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.